इंद्रधनुषी बोआच्या पेटीतील दमटपणा आणि सत्तावीस वेळा केलेला गृहप्रवेश

शहर पोलीस ठाणे, वेस्टब्रूक, मॅनिटोबा
दिनांक ४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार, सकाळी ९.४०

नाव: आर्लीन रूथ फ्रीझन (डिसेंबरपर्यंत पेन्नर). वय ५४. धंदा: इस्पितळाच्या धुलाई विभागात नोकरी. राहणार: १४ तळमजला, सहावी गल्ली, वेस्टब्रूक.

मी समक्ष हजर राहून, कोणाच्याही दबावाशिवाय सांगते की, मी वरील पत्त्यावर १ नोव्हेंबरपासून एकटी राहते. त्याआधी बावीस वर्षे मी २७ मिल रोड येथे माझा तेव्हाचा नवरा वर्नन पेन्नर याच्यासोबत राहत होते. आमचा घटस्फोट १० डिसेंबरला मंजूर झाला. वर्नन खत कारखान्यात देखभाल विभागात आहे. कोठारातली हवा कोरडी ठेवणे हे त्याचे काम आहे.

मिल रोडच्या घरात समोरच्या खोलीत एक काचपेटी आहे. तिच्यात ब्राझीलकडच्या जातीची एक मादी बोआ, म्हणजे अजगरासारखा बिनविषारी साप, आहे, लांबी पाच फूट, वय अकरा वर्षे. तिच्या अंगावर उजेड पडला की तेलाच्या तवंगासारखे रंग दिसतात. तिला आम्ही हिल्डा म्हणतो. ती पिल्लू असताना वर्ननने विनिपेगच्या प्रदर्शनातून आणली. पहिला महिनाभर तो येणाऱ्याजाणाऱ्याला ती हातात घेऊन दाखवीत असे. त्यानंतर तिचे खाणे, पाणी, सफाई मी केली. पावती त्याच्या नावावर असल्याने वाटणीत साप पेटीसकट त्याच्याकडे गेला. माझे वकील म्हणाले, एका सापासाठी आणखी एक तारीख घेऊ नका. मी सही केली.

विचारल्यावरून सांगते की, या जातीच्या सापाला हवेत पाऊणशे टक्क्यांच्या वर दमटपणा लागतो. आमच्याकडे हिवाळ्यात घर तापवणारी भट्टी दिवसभर चालते आणि घरातली हवा पंधरा-वीस टक्क्यांवर येते. म्हणून पेटीवरची जाळी तीन भाग झाकायची आणि एक भाग हवेला मोकळा ठेवायचा. खाली नारळाचा भुसा जाड अंथरायचा, तो तळाशी ओला आणि वर कोरडा हवा. वरही ओला राहिला तर पोटाचे खवले कुजतात. पाण्याचे पसरट भांडे ऊबदार बाजूला ठेवायचे. एका झाकणाच्या डब्यात ओले शेवाळ भरायचे, कात टाकायच्या वेळी ती त्यात जाऊन बसते. हे सगळे आठवड्यातून तीनदा केले की पेटीतल्या दमटपणा-मापकाचा काटा खाली येत नाही. मिळून वीस मिनिटांचे काम आहे.

९ नोव्हेंबरला मी माझे उरलेले सामान आणायला वर्ननच्या संमतीने घरी गेले. तेव्हा पेटीतला काटा चोवीसवर होता. मी त्याला सांगितले. तो टीव्ही बघत होता.

तो म्हणाला, "साप आहे तो, आर्लीन. मासा नाही."

मी काय करायचे ते एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावले. त्याने मान हलवली.

१३ नोव्हेंबर, बुधवार रोजी माझी पाळी दोनला सुटल्यावर मी बसने मिल रोडला गेले. वर्नन पाचपर्यंत कारखान्यात असतो. मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे होती, ती त्याने मागितली नव्हती. मी आत गेले. काटा एकवीसवर होता. फ्रिजवरच्या माझ्या कागदावर पिझ्झाच्या दुकानाचे पत्रक लावलेले होते. मी पेटीचे सगळे केले आणि तीन वाजता निघाले. शुक्रवारी परत गेले.

तेव्हापासून १७ जानेवारीपर्यंत मी सोमवार, बुधवार, शुक्रवार असे, नाताळ आणि वर्षारंभाचा दिवस सोडून, एकूण सत्तावीस वेळा त्या घरात गेले. तक्रारीत "अनेकदा" असे लिहिले आहे. तारखा मी वेगळ्या कागदावर देत आहे. घरातील कोणतीही वस्तू मी घेतली नाही. तीन वेळा मी सिंकमधली भांडी घासली. ती का घासली ते मला सांगता येत नाही.

डिसेंबरच्या शेवटी हिल्डाने कात टाकली. नाकापासून शेपटीपर्यंत अखंड उतरली, डोळ्यांवरचे पापुद्रेसुद्धा. ती मी पेटीतच राहू दिली. दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत माझी सोबतीण लोइस हिने मला फोनवर एक फोटो दाखवला. वर्ननने तो समाजमाध्यमावर सर्वांसाठी टाकला होता. त्यात तो दोन्ही हातांनी कात ताणून उभा होता आणि खाली लिहिले होते की थोडी काळजी घेतली की जमते सगळे.

लोइस म्हणाली, "बघ, तू सुटलीस आणि माणूस सुधारला."

मी म्हटले, "हो ना." आम्ही दोघी परत चादरी घड्या करायला गेलो.

१८ जानेवारीला मला ताप आला. मग न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी घराबाहेर पडू नका सांगितले, बाहेर उणे तीसच्या खाली होते. २० तारखेला मी वर्ननला निरोप पाठवला की हवा फार कोरडी आहे, पेटीकडे लक्ष दे. उत्तर म्हणून त्याने नुसते अंगठ्याचे चिन्ह पाठवले. २७ तारखेला मी पुन्हा निरोप पाठवला. पुन्हा अंगठा आला. त्यावर मी विश्वास ठेवला.

काल ३ फेब्रुवारीला मी कामावर रुजू झाले आणि दोन वीसच्या बसने मिल रोडला गेले. काटा अठरावर होता. पाण्याचे भांडे कोरडे होते आणि तळाशी पांढरा थर होता. भुसा हातात चुरत होता. शेवाळाच्या डब्यातले शेवाळ गवतासारखे वाजत होते आणि हिल्डा त्याच डब्यात होती. तिची कात अंगावर तुकड्यातुकड्यांनी चिकटलेली होती. उजव्या डोळ्यावर पापुद्रा सुकून आत बसला होता. ती तोंड उघडून श्वास घेत होती आणि नाकाशी फेस होता. मी तिला उचलले तेव्हा ती हाताला विळखा घालत नव्हती.

मी न्हाणीघरात टबमध्ये चार बोटे कोमट पाणी घेतले आणि तिला त्यात धरून बसले. तीन दहाच्या सुमारास समोरचे दार वाजले. थंडीमुळे कारखाना लवकर सोडला होता, हे मला माहीत नव्हते. वर्नन बुटांसकट न्हाणीघराच्या दारात आला. मी इथे काय करते असे तो विचारील, म्हणून मी काय सांगायचे ते मनात जुळवत होते.

तो म्हणाला, "इतके दिवस होतीस कुठं?"

मी हिल्डाच्या पाठीवर पाणी घालत राहिले.

तो म्हणाला, "मला वाटलं, सोडलंस की काय."

मी म्हटले, "तुला माहीत होतं मी येते ते?"

"अगं, मी काय आंधळा आहे? पाणी भरलेलं असायचं, भुसा ओला असायचा. साप काय उठून नळ सोडणार आहे? भांडीसुद्धा घासलेली असायची."

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्याच आठवड्यापासून."

"मग कुलूप का नाही बदललंस?"

"कशाला बदलू?" तो म्हणाला. त्याला प्रश्न खरोखरच कळला नव्हता असे मला वाटते.

मी विचारले, "आणि हे सोळा दिवस? मी दोनदा निरोप पाठवला. तू रोज या पेटीसमोर बसून जेवत होतास. भांड्यात पेलाभर पाणी ओतायला काय झालं होतं?"

तो म्हणाला, "तू येशील म्हणून थांबलो. ते तूच करतेस ना."

हे तो चिडून बोलला नाही, म्हणून त्याचे शब्द मी जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगितले आहेत.

त्यानंतर मी हिल्डाला टॉवेलने टिपले, उशीच्या अभ्र्यात घातले, सोबत गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली आणि ते सगळे कोटाच्या आत धरून निघाले. वर्ननने मला अडवले नाही. माझे दोन्ही हात गुंतलेले बघून त्याने दार उघडून धरले.

मी टॅक्सीने नॉर्थगेटच्या प्राण्यांच्या दवाखान्यात गेले. डॉ. हरलीन गिल यांनी तपासले. फुप्फुसात संसर्ग आहे आणि तो बरेच दिवसांचा आहे असे त्यांनी सांगितले. उजवा डोळा वाचणार नाही. बाकी वाचेल की नाही ते शुक्रवारपर्यंत कळेल.

डॉक्टरांनी विचारले, "हिला सांभाळतं कोण?"

मी म्हटले, "कागदावर की खरं?"

त्यांनी दोन्ही लिहून घेतले. त्यांच्या अहवालाची प्रत सोबत जोडली आहे.

दवाखान्यात असतानाच, ४ वाजून ५ मिनिटांनी, वर्ननचा फोन आला. त्याने सापाची चौकशी केली. मी डोळ्याचे सांगितले. तो "अरेरे" म्हणाला. मग म्हणाला, "बरं, परत कधी आणतेस? आणि येताना शेवाळाचं पाकीट घेऊन ये, इथलं पार वाळून गेलंय."

मी सांगितले की मी तिला त्या घरात परत आणणार नाही, आणि मीही यापुढे येणार नाही.

तो मग म्हणाला, "आर्लीन, साप माझा आहे. पावती आहे माझ्याकडे."

मी म्हटले, "पावतीला पाणी पाज."

त्याने ४ वाजून २० मिनिटांनी तक्रार दिली, हे मला इथे आल्यावर कळले. म्हणजे मी सत्तावीस वेळा आत शिरले तोवर तक्रार नव्हती. मी येणार नाही म्हटल्यावर पंधरा मिनिटांत झाली. याची नोंद व्हावी.

आज सकाळी जबाब सुरू होण्यापूर्वी कॉन्स्टेबल डेनिस मॉरिसो यांनी मला सांगितले की तक्रारदाराचे मन मोठे आहे, तो तक्रार मागे घ्यायला तयार आहे. साप परत करायचा आणि मी पूर्वीप्रमाणे सोमवार, बुधवार, शुक्रवार येत जायचे, या वेळी त्याच्या परवानगीने. तसे तो लेखी देईल.

कॉन्स्टेबल म्हणाले, "फ्रीझन बाई, सौदा वाईट नाही. उगाच नावावर गुन्हा कशाला? शिवाय सापाचंही भलं होईल."

मी विचारले, "तुमचं लग्न झालंय?"

"झालं की. चार वर्षं झाली."

"घरात कुंड्या आहेत?"

"आहेत खिडकीत सात-आठ."

"त्यांना पाणी कोण घालतं?"

कॉन्स्टेबलनी कागद पुढे ओढला. ते म्हणाले, चला, जबाब लिहायला घेऊ.

सापाचे भले होईल, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. काल रात्रभर मी त्याचाच विचार केला. मी गेले तर तिची हवा दमट राहील, कात अखंड उतरेल, आणि वर्नन ती हातात धरून फोटो काढील. मी नाही गेले तर पुढच्या हिवाळ्यात दुसरा डोळा जाईल. हे मला माहीत असून मी नाही म्हणत आहे. माझे हे म्हणणे चांगले दिसत नाही, हेही मला कळते.

तरी मी सांगते की, मला तक्रार मागे घेतलेली नको आहे. मी त्या घरात परवानगीशिवाय गेले, २८ वेळा, कालची धरून. साप मी उचलून नेला, तो कागदोपत्री माझा नव्हता. चोरी म्हणत असतील तर चोरी लिहावे. माझी एवढीच विनंती आहे की दवाखान्याचा अहवाल आणि माझे दोन निरोप व त्यांवर आलेले अंगठे कागदपत्रांना जोडावेत, आणि कोर्टापुढे ठेवावेत. न्यायाधीशांनी वाटणीच्या वेळी साप कोणाच्या नावावर आहे ते विचारले होते. साप जगतो कोणामुळे, ते विचारले नव्हते. मलाही तेव्हा सांगायचे सुचले नाही.

मला असे सांगण्यात आले की निकाल होईपर्यंत हिल्डा दवाखान्यात राहील, आणि जनावरांच्या हेळसांडीचे काम पाहणारे अधिकारी येत्या आठवड्यात मिल रोडच्या घराची पाहणी करतील. पाहणीच्या दिवशी काटा बरोबर असेल, याची मला खात्री आहे. त्या दिवसापुरते त्याला जमेल.

हा जबाब मी बोलले तसा टंकलिखित करण्यात आला व मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. शेवटी "घडल्या प्रकाराबद्दल मला खेद वाटतो" असे वाक्य आले होते. ते मी उच्चारले नव्हते. कॉन्स्टेबल म्हणाले की ते असलेले बरे, कोर्टात उपयोगी पडते. मी ते खोडायला लावून बाजूला सही केली आहे. खेदाचे लिहायचेच असेल तर तो जानेवारीतल्या चुकलेल्या सहा सोमवार-बुधवार-शुक्रवारांचा लिहावा, ज्या दिवशी मी त्या घरात शिरले नाही. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही: आर्लीन आर. फ्रीझन
समक्ष: कॉन्स्टेबल डेनिस मॉरिसो
वेळ: सकाळी ११.२५