किमान दहा अक्षरं

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले संचालक साहेब. व्यासपीठावर बसलेल्या, परिचारिकांच्या प्रमुख सिस्टर. आज निवृत्त होणाऱ्या, आमचे प्रोग्राम तपासणाऱ्या चाचणी विभागाच्या बाई. आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे उभे राहिलेल्या सहकाऱ्यांनो, नमस्कार.

मी फार बोलत नाही. बहुधा म्हणूनच माझं नाव सुचवलं गेलं असावं.

बाईंना आपण माघारी ‘चाळणी’ म्हणतो. दचकू नका, त्यांना माहीत आहे. त्यांची एक पद्धत होती. कोणताही प्रोग्राम बाहेर जाण्याआधी कुणाच्या तरी घरच्या माणसाने तो वापरायचा आणि तो प्रोग्राम लिहिणाऱ्याने शेजारी तोंड मिटून बसायचं.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांनी नर्सला निरोप पाठवायचा, तो आपला प्रोग्राम तुम्हाला ठाऊक आहे. सुरुवातीला बोट चुकून लागायचं आणि रिकामे निरोप जायचे. सिस्टर जिने चढून चढून वैतागल्या होत्या, त्यात त्यांचं काय चुकलं? मीटिंगमध्ये ठरलं, निरोप किमान दहा अक्षरांचा हवा. जावा या प्रोग्राम लिहायच्या भाषेत ही साधी अट आहे: लांबी मोजा, कमी भरली तर परत पाठवा. मी ती लिहिली. चालत होती.

त्या खेपेला बाईंनी आपल्या यजमानांना आणलं. पक्षाघातानंतर काकांची वाचा गेली होती. डाव्या हाताचं एक बोट तेवढं चालायचं. बाई कामावर असताना घरून तेही याच प्रोग्राममधून बाईंच्या फोनवर निरोप पाठवणार होते. बाई मला हळूच म्हणाल्या, “यांचा निरोप जाणार नसेल, तर मला नोकरी सोडून घरी बसावं लागेल.”

काकांनी लिहिलं, ‘पाणी’. पडद्यावर लाल ओळ आली: निरोप फार छोटा आहे. चौकट रिकामी झाली. त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा लाल. मग दमलेलं बोट स्पेसच्या बटणावरच टेकून राहिलं, मोकळ्या जागाच दहा अक्षरं म्हणून मोजल्या गेल्या, आणि ‘पाठवा’ दाबताच निरोप गेला! अगदी कोरा.

“पण नियमाप्रमाणे बरोबरच चाललंय की,” साहेब म्हणाले.

“हो ना,” बाई म्हणाल्या. “तहान लागली तर निबंध लिहा. काहीच नको असेल तर खुशाल पाठवा.”

काका हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलले.

मी विचारलं, “बाई, मग किमान किती ठेवू?”

“तूच सांग. हाक मारायला किती अक्षरं लागतात गं?”

मी अट बदलली. आधी कडेच्या मोकळ्या जागा काढायच्या. काहीच उरलं नाही, तर अडवायचं. एक अक्षर उरलं तरी जाऊ द्यायचं. वरची मर्यादा मात्र ठेवली, कारण काही नातेवाईक सिस्टरना कादंबऱ्या पाठवतात. त्याच दुपारी ‘पाणी’ गेलं, आणि सिस्टर स्वतः पेला घेऊन आल्या. बाईंनी नोकरी सोडली नाही. आज सोडताहेत, ती फक्त वय झालं म्हणून. माझ्या ओळी आता कोण चाळणार, हे मला माहीत नाही. पण शेजारी गप्प बसायला मी शिकले आहे.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. भाषण खरं तर अजून बाकी होतं. पण आत्ता बाईंचा फोन वाजला आणि त्यांनी तो माझ्यापुढे धरला. घरून काकांचा निरोप आहे. पूर्ण वाचून दाखवते:

“ये.”