रडलं की थांबणारं चित्र

वहिनी : हळू बोला हो भाऊजी. मावशी आत बाळाला झोपवतायत, पण त्यांचं लक्ष सगळं इकडे.

दीर : मी इंटरनेट तपासायला आलोय वहिनी, घरफोडी करायला नाही.

वहिनी : तुम्हाला थट्टा सुचतेय. मी पुन्हा ऑफिसला जायला लागले, बाळाला सांभाळायला मावशी ठेवल्या, तेव्हापासून बघतेय. बाळ खेळत असलं की पाळण्याजवळचा कॅमेरा ऑफिसात माझ्या फोनवर झकास दिसतो. रडायला लागलं रे लागलं की चित्र जागच्या जागी थिजतं. नेमकं तेव्हाच! हा काय योगायोग?

दीर : म्हणजे मावशी बंद करतात?

वहिनी : मी कुठे नाव घेतलं? पण घरात दुसरं असतं कोण? रडत्या बाळाला कुणी चिमटा काढला, तरी मला दिसणार थोडंच!

दीर : बरं, लाइनवर भार टाकून बघू. टीव्हीवर सिनेमा लावा. लॅपटॉपवर मी एक जाडजूड फाइल उतरवायला टाकतो. आता फोनचं वायफाय बंद करा आणि ऑफिसात बसल्यासारखं बघा.

वहिनी : दिसतंय. पाळणा, मावशींचा हात... अगदी स्वच्छ. बघा, लाइन ठणठणीत! मी म्हणत नव्हते?

दीर : थांबा, लगेच निकाल नका लावू. छे, माझंच चुकलं. सिनेमा घरात येतो, कॅमेऱ्याचं चित्र घराबाहेर जातं. येण्याचा रस्ता ऐसपैस आहे, जाण्याचा नुसता बोळ. भार मी भलत्याच बाजूला टाकला. बाळ रडलं की तुम्हाला कळतं कसं?

वहिनी : कॅमेराच कळवतो. फोन वाजतो.

दीर : तुमचा एकटीचा?

वहिनी : ह्यांचाही. मग सासूबाई हटून बसल्या, म्हणून त्यांचा. मग माझ्या आईला वाईट वाटायला नको, म्हणून तिचा.

दीर : आणि वाजला की सगळे उघडून बघतात?

वहिनी : बाळ रडतंय म्हटल्यावर कोण बघणार नाही?

दीर : लावा तिघांना फोन. आत्ता उघडा म्हणावं.

(ती एकेकाला फोन करते.)

वहिनी : ह्यांनी उघडलं. सासूबाईंनीही. अजून हलतंय हं. आई चष्मा शोधतेय... उघडलं तिने. अगंबाई!

दीर : थिजलं?

वहिनी : मावशींचा हात पाळण्यावरच थांबलाय.

मावशी : हात केव्हाच काढला मी. बाळ झोपलं, हेच सांगायला आले.

वहिनी : मावशी! तुम्ही... कधीपासून उभ्या आहात?

मावशी : चिमट्याचं तर आतच ऐकू आलं.

दीर : मावशी, तुमचा काही दोष नाही. चौघं एकदम बघायला लागले की लाइनच्या नाकी नऊ येतात. एकानेच बघायचं, मिटलं.

मावशी : चौघं? मला वाटायचं, बाळाची आईच बघते. आईचा जीव, बघू दे बापडी. बाळ झोपलं की मी गुडघे चोळत एकटीच काहीबाही बोलत बसते, तेही चौघांनी बघितलं?

वहिनी : बाकीच्यांचं मी आत्ता बंद करते. मी एकटीच बघेन. मावशी, उद्या... याल ना?

मावशी : मला काय विचारता बाई? तुम्ही चौघं ठरवा, आणि मला कळवा.