टाकीत रात्री होणाऱ्या हालचालींबाबत

वेळ सकाळी ९.२०. जबाब देणार : चष्म्याच्या काचा घासून बसवणारा कारागीर, वय ६४ वर्षे, राहणार बाजारामागची गल्ली, दुसरा मजला.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी व पत्नी असे दोघेच राहतो. आमची एकुलती एक मुलगी सात महिन्यांपूर्वी आजाराने वारली. बाहेरच्या खोलीत तिची खाऱ्या पाण्याची, चार फुटी काचेची टाकी आहे. तीत सहा मासे. लग्नानंतरही ती दर रविवारी येऊन टाकीचे सगळे बघत असे. आता मी बघतो. पत्नी सकाळी उठल्याबरोबर मासे मोजते, मगच चहा ठेवते.

गेले दोन महिने सकाळी टाकीपुढची फरशी ओली दिसू लागली. आतले दगड सरकलेले असत. मासे मात्र सहाच. एकदा नारिंगी माशाच्या शेपटीची जुनी चीर एका रात्रीत नाहीशी झाली. माझे काम बारीक नजरेचे आहे, मला भास झालेला नाही. पत्नी म्हणाली, "ती येत असेल हो. जीव होता तिचा त्यात." आम्ही दोघे झोपेची गोळी घेतो, त्यामुळे रात्रीचे काही कळत नाही.

मागील आठवड्यात मी अनोळखी इसमाविरुद्ध तक्रार दिली. काल रात्री पावणेदोनला गस्तीच्या हवालदारांनी आमच्या जिन्यात एकास धरले व दार वाजवून मला उठवले. पत्नी जागी झाली नाही. तो इसम माझा जावई होता. खिशात मुलीकडे असायची ती आमच्या दाराची किल्ली, हातात पाण्याची पिशवी, पिशवीत जिवंत मासा.

मुलीला पोचवून आल्यावर मी त्यास चारचौघांत म्हणालो होतो, "तुम्ही तिला दवाखान्यात उशिरा नेलंत. या घराची पायरी चढू नका." उशीर मुलीने स्वतः केला होता. आम्हाला कळू द्यायचे नाही, अशी शपथ तिने त्याला घातली होती. हे मला तेव्हाही माहीत होते.

मी विचारले, "चोरासारखं का यायचं?"

तो म्हणाला, "टाकी नुसती बघायला आलो होतो एकदा. दोन मासे मेलेले होते. बाबा, पाणी कमी झालं की तुम्ही मिठाचं पाणी घालता. पाणी उडून जातं, मीठ नाही उडत. ती साधं पाणी घालायची."

"मग सांगायचं नाही का?"

"कोणत्या तोंडानं? आईंना मेलेला मासा दिसू नये, एवढंच बघत होतो."

मुलीच्या वेळचा शेवटचा मासा मलूल झाल्याचे जावयाने आदल्या रात्री पाहिले होते, म्हणून तसाच दुसरा आणला होता; मलूल मासा काल रात्री मेला. तो मी स्वतः बाहेर काढला व पिशवीतला आत सोडला.

आज सकाळी पत्नीने सहा मोजले. म्हणाली, "रात्री येऊन गेली बघा." मी हो म्हणालो.

आता ठाण्याच्या बाकावर जावयास म्हणालो, "उद्यापासून दिवसा या." तो म्हणाला, "आणि आईंना काय सांगायचं?"

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. चौकशीसाठी घरी कोणी येऊ नये. जावई यापुढेही रात्रीच येतील. गस्तीवाल्यांनी त्यांना अडवू नये.

हवालदारांनी जबाब दोनदा वाचून दाखवला. पहिल्या वेळी मला नीट ऐकू आला नव्हता. मी सांगितले तसाच लिहिला आहे, म्हणून सही करतो.