बडबडी तार

ती: काढ त्या विजेच्या पट्ट्या हातावरून. बास झालं आता.

तो: डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय तेवढं तरी होऊ दे.

ती: काच लागून मनगटातला मज्जातंतू तुटला, त्यांनी शिवला. चार महिने तू रोज वीज सोडतोयस. बोटं अजून लाकडासारखीच. साधं बटण लागत नाही रे मला!

तो: आणि याच बोटांनी तू चिमट्यात धरून मज्जातंतूची एकेक तार सोडवायचीस. सगळी प्रयोगशाळा श्वास रोखून बघायची.

ती: सगळी तंतूकडे बघायची. तू सोडून.

तो: म्हणून तर ती चूक झाली!

ती: चूक कसली, वेंधळेपणा. बशीत दोन तारा, दोन्ही पेशीपासून तोडलेल्या. एक मुकी ठेवायची, दुसरीला जरा वेळ वीज द्यायची. आणि महाशय वीज चालू ठेवून मला घेऊन चहाला!

तो: परत आलो तर तारेला जोडलेल्या स्पीकरवर आपली तडतड तडतड. बडबडी बोलतेच आहे!

ती: तारेतच नवी प्रथिनं बनताहेत म्हटल्यावर मोठे सर काय भडकले होते. ‘तार म्हणजे नुसती वाट! प्रथिनं पेशीच्या पोटात बनतात आणि तिथून वाहत येतात.’

तो: मोजलं तर तुटलेल्या तारेनं स्वतःच बनवलेली. मुकीनं थोडी, बडबडीनं कितीतरी जास्त. माहेरचा डबा बंद झाल्यावर पोरीनं तिथंच चूल मांडली.

ती: ‘बशीत जंतू शिरले, त्यांचीच प्रथिनं मोजलीत,’ म्हणे!

तो: तू जंतुनाशक घालून परत केलंस, आकडे तेच. मग परत. सर हसत होते, तू करत होतीस.

ती: काय दिवस होते. मान मोडून यायची, पण घरी जावंसं वाटायचं नाही.

तो: आणि आज तीच बाई म्हणते, पट्ट्या काढ.

ती: ती बशीतली होती रे. ही माझी आहे. रोज सकाळी वाटतं, आज काहीतरी जाणवेल. मला आता भीती वाटते.

तो: मलाही वाटते.

ती: मग एवढ्या खात्रीनं कसा बोलतोस?

तो: खात्री कुठली. तार मुकी ठेवली की प्रथिनं कमी बनतात, आणि प्रथिनांशिवाय तंतू वाढत नाही, एवढंच ठाऊक आहे. तेही तूच दाखवलेलं.

ती: हो, मीच दाखवलेलं.

तो: काढू का?

ती: नको. वीज थोडी वाढव.

तो: तुला कळेल वाढवलेली?

ती: नाही कळणार. वाढव.