शेवटचं प्रकरण शुक्रवारी

मंडळी, इठाबाई कुंभारणीच्या थोरल्या लेकाचं लगीन झालं, त्या सालची गोष्ट! आधी एक सांगा — तहानलेल्याच्या तोंडचा तांब्या काढणं पाप की नाही? नुसत्या माना डोलावू नका, बोला! पाप! मग कानाच्या तहानेचं काय?

इठाबाई अक्षरं शिकली ती उतारवयात. बोट ठेवून वाचायची. नणंद सोनाक्का आंधळी, अंथरुणाला खिळलेली. तिच्यासाठी वाचनालयातून आणलं काय? कादंबरी! एक नाही — सात जाडजूड खंड! त्यात जादू, खून, लढाया, भुतं, वर प्रेमप्रकरण! मिसळच ती, तर्रीसकट!

"वन्सं, कुठं राहिलो होतो?"

"अगं, राक्षसीण फौजदार झाली, अन् नवऱ्याच्या खुनाचा आळ तिच्यावरच आला! वाच की भवाने!"

हळूहळू आळीतल्या बायका येऊन बसू लागल्या. कुणी समई आणली, कुणी खंडाला हळदकुंकू वाहिलं. झाली की पोथी!

श्रावणात शेवटचं प्रकरण तेवढं उरलं. सोनाक्काला धाप लागलेली. "आज वाच, इठे. राक्षसीण सुटती का फासावर जाती, एवढं कळू दे."

पाटलीणबाई कडाडल्या, "पोथीचा शेवट असा आडवारी वाचतात होय? समाप्ती शुक्रवारी! सवाष्णी, पुरण, प्रसाद! माझी लेकही येतीय. नव्या सुनेच्या घरात अपशकुन नको!" आणि खंड लाल फडक्यात बांधून आपल्या देवघरात नेला! इठाबाई भ्याली.

अरे! मरणाऱ्या बाईपेक्षा तुमचं पुरण मोठं?

गुरुवारी तिरडी बांधली. "उचला!" म्हणाली माणसं. इठाबाई आडवी आली — देवघरातून ओढून आणलेला खंड हातात!

"ठेवा खाली! तिला थांबवलंत ना? आता तुम्ही थांबा!"

आणि वाचू लागली. एकेक अक्षर जोडत. ऊन चढलं.

"इठे, पुरे गं आता—"

"पाटलीणबाई, लेकीला बोलवा! तिला ऐकायचं होतं ना?"

राक्षसीण सुटली. इठाबाईनं ते सोनाक्काच्या कानाशी वाकून सांगितलं, मगच वाट सोडली.

काय हो, पुढं बसलेले? डोळे कसले पुसताय? घरी म्हातारी काही मागतेय, आणि तुम्ही म्हणताय — सण होऊ दे, पाहुणे येऊ देत! उठा! प्रसादाला थांबू नका! जा, विचारा तिला!

सोनाक्का कुंभार त्या साली श्रावणातल्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी वारली. शेवट न ऐकता.