शिशातला ठसा

मी चिंचणीचा. जन्म तिथला, शाळा तिथली, हातातली हातोडीही तिथलीच. आमच्याकडे घरोघरी पडवीत डायचं काम चालायचं, अजून चालतं. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा, त्यात छिन्नीनं उलटी नक्षी कोरायची, मग मुंबईचे सराफ त्यावर सोन्याचा पत्रा ठेवून दाबतात आणि कानातलं फूल म्हणा, मंगळसूत्राची वाटी म्हणा, सुलटी उमटून निघते. आमच्या बाबांनी आयुष्यभर हेच केलं. सकाळपासून टिक टिक टिक, एकसारखं, पावसाची पागोळी पडावी तसं. आम्हाला त्याच आवाजात झोप लागायची, आवाज थांबला की जाग यायची.

बाबांचा एक नियम होता, तो आधी सांगतो, कारण माझं सगळं पाप त्या नियमाशी जोडलेलं हाय. डाय पुरी झाली की पहिला ठसा शिशात घ्यायचा, ज्याची नक्षी त्याला दाखवायचा, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तो शिशाचा तुकडा ठोकून सपाट करायचा. कारण तो तुकडा दुसऱ्याच्या हाती पडला तर त्यावरून तीच डाय परत करता येते. बाबा म्हणायचे, प्रभाकर, शिशातला ठसा ज्यानं लपवला तो कारागीर नाय, चोर. मी लहानपणी शेकडो ठसे सपाट केले असतील. आणि एक नाय केला.

आता बँडचं सांगतो. टीव्ही नुकता रंगीत झाला होता तेव्हाची गोष्ट. बोईसरला रंगाच्या कारखान्यात अँथनी म्हणून वसईचा माणूस कामाला होता, त्याच्याकडे गिटार होती आणि परदेशी गाण्यांच्या कॅसेटी होत्या. सिनेमातल्या गाण्यांसारखी गोड गाणी नव्हेत ती, खरखरीत, रागावलेली, गिटार अशी वाजायची की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं टेप अडकली. मी म्हटलं, अँथनी, हे बिघडलंय. तो म्हणाला, बिघडलेलंच हाय रे, त्यातच मजा हाय. मग मला ते आवडायला लागलं, का ते विचारू नका. पोलादावर छिन्नी घसरते तेव्हा असाच आवाज येतो, म्हणून असेल. मिश्रा म्हणून एक वेल्डर होता, तो जाड तारांची गिटार वाजवायचा. माझा ड्रम म्हणजे कारखान्यातलं निळं पिंप आणि लग्नाच्या बँडवाल्यांकडून आणलेली चेपलेली झांज. आणि गायला दत्तू.

दत्तू आमच्याच गावचा, मच्छीमार आळीतला, बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडायचा. शाळेत माझ्या बाकावर. बोलायला लाजायचा, गायला लागला की माणूस दुसराच. बँडचं नाव आमी खाजण ठेवलं, भरतीचं पाणी शिरतं ती खाडीकाठची चिखलाची जमीन. गावात लोक हसायचे, आलं बघा चिखलातलं बँडपथक. माझी आत्या तर म्हणायची, पऱ्या, ते पिंप जरा हळू बडव, माझ्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या.

आता दत्तूच्या घरचं. तो पंधरा वर्षांचा असताना त्याचा बाप होडी घेऊन गेला तो आलाच नाय. होडी नाय, फळी नाय, काय नाय. बाप परत यायचा तेव्हा लांबूनच दत्तूला हाक मारायचा, काठावर ये आणि फेकलेला दोर पकड म्हणून. होऽऽ दत्ताऽऽ, दोर घे रंऽऽ, दोर घे. साऱ्या किनाऱ्याला ती हाक माहीत होती. घोगरी, शेवटी एकदम वर चढणारी. बाप गेल्यावर दत्तूची आई, तिला सगळे बाय म्हणत, रोज भरतीच्या वेळी किनाऱ्यावर जाऊन उभी राहायची. रडायची नाय, ओरडायची नाय, नुसती कान देऊन उभी. कपाळाचं कुंकू तिनं काढलं नाय, हातातल्या बांगड्या काढल्या नायत. अकरा वर्षं. भाऊबंद म्हणायचे, दर्भाचा पुतळा करून विधी उरकून टाका, तर म्हणायची, हाक आली नाय तवर नाय. म्हणून त्या घरात ती हाक कोणी तोंडातून काढायची नाय असं ठरलेलं. आणि दत्तूचा आवाज वयात आल्यावर हुबेहूब बापासारखा झाला होता, तो घरात मोठ्यानं बोलायचासुद्धा नाय. तुमी समजलात ना? तिनं ती हाक त्या आवाजात ऐकली तर ती पाण्यात धावली असती.

एका रविवारी दुपारी आमच्या पडवीत आमी दोघंच होतो, बाकीचे यायचे होते. मी एका डायीवर पानांची किनार कोरत बसलो होतो, टिक टिक, आणि दत्तू भिंतीला टेकून आमचं नवीन गाणं गुणगुणत होता. भरतीचं गाणं होतं, शब्द त्याचेच, पण ते काय उभं राहत नव्हतं. सराव भरून ठेवा म्हणून अँथनीनं टेपरेकॉर्डर दिला होता, तो चालू होता. गुणगुणता गुणगुणता दत्तू थांबला, आणि काय सांगू तुमाला, त्याच्या तोंडातून ती हाक आली. त्यानं काढली नाय, आली. माझा हात जागच्या जागी थांबला. एक ठोका चुकला. मग हात आपोआप परत सुरू झाला, टिक टिक, आणि तो हाकेच्या शेपटाला असा काही जाऊन मिळाला की माझ्या अंगावर काटा आला. आजपण येतो, हे बघा. मी देवळात कधी हात जोडून डोळे मिटले नायत, पण त्या दुपारी मिटले.

दत्तू पांढरा पडला होता. म्हणाला, पऱ्या, भरलं गेलं काय? मी म्हटलं, हो. म्हणाला, पुसून टाक, आता माझ्यासमोर. मी म्हटलं, अँथनीचा टेप हाय, बटणं नीट माहीत नायत, रात्री पुसतो. म्हणाला, आयची शपथ? मी म्हटलं, शपथ. बटणं मला सगळी माहीत होती.

दोन महिन्यांनी अंधेरीला एका स्टुडिओत आमाला अर्धा दिवस मिळाला. कॅसेट कंपनीचा माणूस म्हणाला होता, एकच गाणं करा, दोन्ही बाजूंना तेच टाकतो, चाललं तर पुढचं बघू. आमी वाजवलं, परत वाजवलं, आवाज बसवणारा माणूस काचेपलीकडून म्हणाला, भाई, सब ठीक है, लेकिन गाना कहाँ है? अँथनीचं तोंड उतरलं. दत्तू चहाला खाली गेला. आणि मी खिशातून ती न पुसलेली कॅसेट काढली. चुकून खिशात राहिली होती असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगितलं. खोटं हाय. घरून निघताना रुमालात गुंडाळून घेतली होती.

त्या माणसानं ती लावली. छिन्नीचे ठोके, मग हाक, मग ती चुकलेली जागा, मग परत ठोके. तो खुर्चीतून उठला. मिश्रा नुसता बघत राहिला, म्हणाला, अरे ये तो कुछ और ही है. अँथनीनं गिटार गळ्यात घातली आणि त्या ठोक्यांवर तीनच सूर धरले, तेच तेच तीन सूर, हळूहळू खरखर वाढवत, जशी भरती खाजणात शिरते, आधी कळत नाय आणि मग घोट्यापर्यंत पाणी असतं. तेवढ्यात दत्तू दारात. सगळ्या खोलीत त्याच्या बापाची हाक भरून राहिली होती. तो माझ्याकडे बघत राहिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग आत आला, माईकपुढे उभा राहिला आणि पहिल्या ओळीपासून गायला, एकदाच, परत घ्यायची गरज पडली नाय. असं गाणं होताना मी परत कधी बघितलं नाय. माणसं वाजवत नव्हती, गाणंच माणसांना वाजवत होतं. जिना उतरताना तो एवढंच म्हणाला, आयला ऐकू जाता कामा नये. मी म्हटलं, मुंबईची कॅसेट, चिंचणीत कोण आणतोय.

गणपती यायच्या आत ते गाणं बोईसर नाक्यावरच्या प्रत्येक पानपट्टीवर वाजायला लागलं. टेम्पोवाले लावायचे, कारखान्यांच्या कँटीनमध्ये लावायचे, यूपीचे कामगार अर्थ न कळता ओरडायचे, दोर घे रे, दोर घे. पालघरच्या मिरवणुकीत हजार माणसं त्या चुकलेल्या ठोक्यावर एकदम थांबायची आणि एकदम उसळायची. मी बघत उभा राहायचो, वाटायचं हे आपण केलं? हे आपल्या पडवीतलं? रेडिओवर बोलावलं तेव्हा विचारलं, तो मधला ठोका सोडायची कल्पना कशी सुचली? मी म्हटलं, फार विचार केला त्यावर. असं बोललो मी.

आणि दत्तू काय करत होता? आईच्या पुढे पुढे फिरत होता. गावातल्या कॅसेटवाल्याच्या पाया पडला. देवळापुढच्या मंडपात जाऊन, ते गाणं लावू नका, म्हणून सांगून आला. बाय बोईसरच्या बाजारात मासळी विकायची, तिला म्हणाला, तिथं आता भाव नाय, उमरोळीला बस. उमरोळी स्टेशन तेव्हा शांत, एक चहाची टपरी आणि दोन चिंचेची झाडं. गावातलं कोणी बायसमोर ते गाणं गुणगुणलं नाय, हे पण मोठंच म्हणायचं. हसणारे लोक, पण तेवढं त्यांना कळत होतं. मला कळत नव्हतं.

मी पालघरहून येत होतो, एका मंडळानं सत्कार केला होता, गळ्यातला हार पिशवीत होता, थोडा बाहेर दिसेल असा. उमरोळीला एका मित्राकडे जायचं म्हणून उतरलो. टपरीवाल्यानं ओळखलं. अरे, खाजणवाले ना तुमी? बसा, बसा, चहा घ्या. आणि माझ्या मानासाठी त्यानं कॅसेट घातली आणि आवाज पूर्ण वर केला. बाय पंधरा पावलांवर चिंचेखाली पाटी घेऊन बसली होती. मी तिला बघितलं. बटण माझ्या हातापासून एवढ्यावर होतं. आधी नुसते ठोके असतात, मोजून आठ. आठ ठोक्यांत माणूस किती वेळा बंद कर म्हणू शकतो? मी चहाचा कप धरून उभा राहिलो. टपरीवाला कौतुकानं बघत होता, चार माणसं जमली होती. हेच ते. हेच मला सांगायचं होतं, बाकी सगळं त्याच्या अलीकडचं पलीकडचं हाय. मला तो मान हवा होता.

हाक आली. बाय उठली. पाटी कलंडली, बोंबील मातीत पडले. ती रुळांकडे तोंड करून उभी राहिली, म्हणाली, आली, आली, आणि दोन्ही हात वर केले, दोर झेलायला करतात तसे. लोक हसायला लागले आणि आपोआप थांबले. गाणं संपेपर्यंत तिचे हात वरच होते. मग खाली आले. तिनं मागे वळून टपरीकडे बघितलं, टेपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. टपरीवाल्याला म्हणाली, परत लाव. त्यानं कॅसेट उलटी केली, तिकडेही तेच. या वेळी तिनं हात वर केले नायत. ऐकून झाल्यावर म्हणाली, दत्ता हाय तो. मग मातीतले बोंबील एकेक पुसून पाटीत भरले.

दुसऱ्या दिवशी भरतीला ती किनाऱ्यावर गेली नाय. त्यानंतर कधीच नाय. भाऊबंदांना म्हणाली, करा काय करायचं ते. पुतळा झाला, दहावं झालं, बांगड्या फुटल्या. दत्तू गाणं सोडून बर्फाच्या कारखान्यात गेला तो तिथंच राहिला. मला एकदाच म्हणाला, अकरा वर्षं ती कान देऊन जगत होती, तू तिचे कान काढून घेतलेस. खाजण मोडलं. अँथनी आखातात गेला, मिश्रा त्याच्या मुलखात. मी परत डायी कोरायला लागलो.

काही वर्षांनी बाबा वारले, त्यांचं पडवीतलं सामान आवरताना, मीच तिथं टाकून ठेवलेली ती मूळ कॅसेट हातात आली. नारळी पुनवेच्या दिवशी ती आणि हातोडी घेऊन दत्तूच्या अंगणात गेलो. बाय जवळा निवडत बसली होती. सगळं सांगितलं, शपथ, रुमाल, आठ ठोके, काय लपवून ठेवलं नाय. म्हटलं, आमच्यात ठसा मोडायची रीत हाय, ज्याचा त्याच्यासमोर. दत्तू म्हणाला, मोड आणि जा. मी हातोडी उचलली. बाय म्हणाली, थांब रं. ती मोडली म्हंजे बाजारातलं गानं बंद व्हईल? म्हटलं, नाय. मग तुजा जीव हलका व्हईल एवढंच ना? माजा? ठेव ती तुज्याजवळ. आणि आता लाव. बाजारातल्यात तुमचा धांगडधिंगा मधी येतो, त्याचा आवाज नीट ऐकूच येत नाय.

तेव्हापासून दर नारळी पुनवेला मी टेप घेऊन जातो. ती भिंतीकडे तोंड करून ऐकते. हाक येते तेव्हा मांडीवरचे हात थोडे उचलतात. दत्तू आधी उठून बाहेर जायचा, गेल्या वर्षापासून उंबऱ्यावर बसतो. फीत आता झिजलीय, खरखर वाढली, हाक लांब लांब जातेय. यंदा मी भीत भीत म्हटलं, बाय, मुंबईला नेऊन दुसरी काढून आणू काय, चांगली. म्हणाली, नको रं. मी हाय तवर पुरंल ती. मग कागदात चार सुके बोंबील बांधून दिले, दरवर्षी देते.

यंदा पहिल्यांदाच दत्तू मला सोडायला फाटकापर्यंत आला.