सहाव्या पडद्याचा उशीर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय नंदकिशोरजी कोठारे, व्यासपीठावर विराजमान चित्रकर्त्या मृणालिनीताई सामंत, सत्कारमूर्ती श्रीयुत सहदेव घाडी, पहिल्या रांगेतली राखीव खुर्ची सोडून मागे जाऊन बसलेल्या शेवंतीवहिनी, आणि ऑफिसातून लवकर निसटून अंधेरीपर्यंत आलेले रसिकहो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं मला दिसतं आहे. त्या घड्याळाशी माझी जुनी ओळख आहे. ती पुढे येईलच.

चौऱ्याऐंशी साली औद्योगिक वसाहतीतल्या या गाळ्यात कलादालन उघडलं. शेजारी बिस्किटांचा कारखाना. त्यामुळे इथल्या कलेला पहिल्या दिवसापासून खरपूस वास आहे. मृणालिनीताईंची मांडणी इथे कायमची राहायला आली ती तेव्हाच. एका रांगेत सहा टीव्ही, त्यांत कोकणचा किनारा. ताईंची आत्या डोक्यावर हंडा घेऊन पहिल्या टीव्हीत शिरते, उजव्या कडेने बाहेर पडते आणि त्याच क्षणी दुसऱ्याच्या डाव्या कडेने आत येते. वाटेत ती कुत्र्याला हाकलते, पदर सावरते, आणि अठरा मिनिटांनी सहाव्या टीव्हीतून घरी जाते. ताईंकडे कॅमेरा एकच. तो शंभर-शंभर पावलं सरकवत त्या माउलीला त्यांनी सहा वेळा चालवलं.

ऐकायला किती सोपं! पण त्या वेळचे व्हीसीआर आठवतात ना? सहा यंत्रं, एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणलेली. पण सख्ख्या भावांसारखी, एकाचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ. कुणाची मोटर उन्हाने तापायची, कुणाची टेप ताणली जायची. सहाव्या मिनिटाला आत्या तिसऱ्या टीव्हीत पोचलेली असायची आणि दुसऱ्यातही रेंगाळत असायची. एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, "जुळ्या बहिणी का हो या?"

न्यायशास्त्रात याला यौगपद्य म्हणतात, म्हणजे सगळं एकाच क्षणी घडणं. पाठशाळेत मी त्यावर तीन वर्षं घालवली. सहदेवरावांनी ते तीन दिवसांत करून दाखवलं.

ते इथे पहारेकरी म्हणून लागले होते. त्याआधी गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर. संपानंतर गिरणीचं दार उघडलं नाही, हे या सभागृहात निम्म्या लोकांना सांगायला नको. चार साचे एकटा माणूस कसा सांभाळतो, असं मी विचारलं, तर म्हणाले, "कानान." प्रत्येक टेपच्या सुरुवातीला काळा पडदा आणि 'टक' असा एक आवाज होता. सहाही यंत्रं तिथे पॉजवर थांबवायची आणि एकदम सोडायची. सगळे टक मिळून एकच ऐकू आला की जमलं. पण पॉजवर फार वेळ धरलं की यंत्र आपणहून बंद पडायचं, आणि हात तर दोनच. तेव्हा त्यांनी एक लाकडी पट्टी केली. खाली बटणांच्या अंतरावर रबरी बुचं. पट्टी दाबली की यंत्रं एकदम सुटायची. मग अठरा मिनिटं कान लावून, डोळा ठेवून, जो भाऊ पुढे पळेल त्याच्या बटणाला हलकासा चिमटा. दिवसातून वीस वेळा. पाच वर्षं.

आता माझ्याकडे येतो.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये मी इथे आलो. मागच्या खोलीत पाहिलं, तर पट्टीला बुचं पाचच. सहावं यंत्र सहदेवराव अंगठ्याने सोडत होते, आणि रोज उशिरा. मी कारण विचारलं का? नाही. आम्ही वार्ताहर, आमच्यापाशी वाक्य आधी तयार असतं. रविवारच्या सदरात मी लिहिलं, की पाच टीव्ही वेळेवर येतात, सहावा बहुधा सरकारी नोकरीत असावा. लोक हसले. आमच्या हिने, शुभाने, कात्रण कापून ठेवलं.

तेच कात्रण या कार्यालयातही कुणीतरी कापलं. सहदेवरावांना मेमो गेला: सहाव्या यंत्राच्या विलंबाचा समाधानकारक खुलासा करावा, अन्यथा सेवा संपवण्यात येईल. त्यांनी दोन शब्दांचा खुलासा दिला. 'कातळ आहे.' कार्यालयाने हे विशेषण कुणाला लावून घेतलं, ते मी अध्यक्षांच्या उपस्थितीत सांगत नाही.

शेवंतीवहिनी मला मागाहून म्हणाल्या, "ह्यांनी तो कागद मला दाखवला नाय. तीन दिवस शर्टाच्या खिशात घालून फिरत होते. गिरणी बंद झाली तेव्हा पण असंच." एका माणसासमोर दुसऱ्यांदा दार बंद होत होतं, आणि ते लोटणारा हात माझा होता.

तपासणीचा दिवस. अध्यक्ष हेच घड्याळ हातात घेऊन उभे. मृणालिनीताई, मी, चार सभासद. हुकूम होता, सहाही एकदम. सहदेवरावांनी पट्टीला सहावं बूच ठोकलं होतं. पट्टी दाबली. टक एकच. अध्यक्ष म्हणाले, "बघा, जमतं की." आत्या निघाली. पहिला टीव्ही, दुसरा, तिसरा. पाचव्याच्या कडेला ती गेली, सहाव्यात आली, आणि मृणालिनीताई उठून उभ्या राहिल्या.

"आत्या उडाली," त्या म्हणाल्या. "सहदेव, रोज ती अशी उडते?"

"नाय ताई. रोज चालत येता."

"मग आज काय झालं?"

"पाचव्यात बाईच्या लुगड्याचो काठ सुको, सहाव्यात भिजलेलो. मधी कातळ आसा. पाण्यातसून वळसो घालून येवचा लागता. तेवढो वेळ त्येंका नको? हंडो घेऊन कोण उडी मारता?"

ताईंना आठवलं. त्या जागी कॅमेरा उभा राहीना म्हणून तेवढी चार पावलं त्यांनी सोडली होती, आणि टेप जोडताना विसरूनही गेल्या होत्या. ज्या किनाऱ्यावर सहदेवराव कधी गेले नव्हते, तिथली चार पावलं ते दोन वर्षं अंगठ्याने भरून काढत होते.

मेमो अध्यक्षांनी तिथेच फाडला. हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. माझं सदर मात्र तसंच राहिलं. संपादक म्हणाले, विनोदाची दुरुस्ती छापत नसतात. मला ते सोयीचं वाटलं.

उद्यापासून जपानी यंत्र येतं आहे. सहा व्हीसीआर ते स्वतः जुळवील. गेल्या आठवड्यात चारकोपहून इंजिनियर आला होता. सहावा किती मागे ठेवायचा, असं त्याने विचारलं. सहदेवराव म्हणाले, "एक श्वास." तो म्हणाला, "काका, सेकंदात सांगा ना. आणि श्वास कोणाचा?" सहदेवराव म्हणाले, "बाईंचो. डोक्यार हंडो असताना." मग इंजिनियर स्टॉपवॉच घेऊन त्यांच्या अंगठ्याशेजारी दिवसभर बसला.

आयोजकांचे आभार, बिस्किट कारखान्याचे चहासोबतच्या सौजन्याबद्दल आभार. बोलण्यात अनवधानाने काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या, असं म्हणून वक्ते बसतात. पण माझी चूक अनवधानाने झालेली नाही, आणि ती आजच्या बोलण्यातलीही नाही; ती शहाऐंशीच्या मार्चमधली आहे, छापील आहे. सहदेवराव, तिच्याबद्दल तुमची क्षमा मागतो. साडेतीन वर्षं उशीर झाला. माझ्याही वाटेत एक कातळ होता, आणि त्याला वळसा घालून यायला माझ्या डोक्यावर तर हंडाही नव्हता.

अध्यक्ष महाराज, आता घड्याळ उचलायला हरकत नाही. नमस्कार.